काकूंच्या इंजेक्शनबद्दल

संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. काकूंचं डायलिसिस सुरू झालं, डॉक्टरांनी एरिथ्रोपोएटिन लिहून दिलंय, कुठून घेऊ म्हणतोस. फोनवर अर्धं राहतं म्हणून लिहितोय, ऐरोलीला पोचलास की निवांत वाच.

पप्पांना हेच चार हजार युनिटचं इंजेक्शन दोन वर्षं चालूय. रक्त बनवायला लावणारं हार्मोन किडनीच तयार करते, ती बसली की हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून हे बाहेरून द्यायचं. ते २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं, तापलं तरी वाया आणि गोठलं तरी वाया, जोरात हलवायचं पण नाही. आणि बिघडलेलं नि चांगलं, दोन्ही दिसायला पाण्यासारखंच, इथेच तर सगळे फसतात.

मी फसलो ना. एकजण घरपोच द्यायचा, एमआरपीच्या निम्म्याहून कमीत. एकदा मी समोरच होतो, स्कूटरची डिकी उघडली तर पिशवीत बर्फाचा खडा आणि खोका त्याला चिकटून पार लिबलिबीत झालेला. बिल मागितलं तर म्हणे, साहेब बिलाचा रेट वेगळा. आणि मी गप्प घेतलं, पैसे वाचतायत म्हणून. दोन महिन्यांत पप्पांचं हिमोग्लोबिन साडेनऊवरून आठच्या खाली. डॉक्टरांनी आयर्न तपासलं, ते ठीक निघालं, मग विचारलं, इंजेक्शन आणता कुठून? त्यामुळेच पडलं असं छातीठोक नाही सांगणार, पण त्या रात्री झोप नाही लागली.

आता इथे ठाण्यात नौपाड्यातल्या एका मेडिकलवाल्याकडून घेतो. पहिल्या दिवशी आगाऊपणाच केला, म्हटलं फ्रीज दाखवा. चिडेल वाटलं, तर त्याने दारच उघडलं. आत थर्मामीटर, इंजेक्शनं मधल्या कप्प्यात, दूध-कोल्ड्रिंक काही नाही, आणि शेजारी वहीत सकाळ-संध्याकाळचं टेंपरेचर लिहिलेलं. देताना आइसपॅक वर्तमानपत्रात गुंडाळतो, सिरिंजला थेट बर्फ लागू नये म्हणून. स्वस्त नाहीये, पण बिलावर बॅच नंबर, एक्सपायरी सगळं असतं. मी खोक्याचा फोटो काढतो आणि खोक्यावरचा बॅच सिरिंजवरच्याशी जुळवतो. क्यूआर कोड असला तर स्कॅन पण करतो, १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडना तो सक्तीचा केलाय.

डायलिसिस सेंटरच्या मेडिकलमध्येही मिळेल, महाग पडेल, पण काकूंना तिथेच टोचणार असतील तर ने-आण वाचते, सुरुवातीला तेच कर. महिन्याचा साठा घरी नको करूस, लाइट गेली की जीव टांगणीला. आणि बीपी बघत जा, या इंजेक्शनने चढू शकतं.

शनिवारी ये, ट्रान्स हार्बर लोकलने किती वेळ लागतो, आपण दुकानात जाऊ. माझी थर्माकोलची पेटी घेऊन जा. प्रिस्क्रिप्शन ओरिजिनल आण, मोबाइलवरचा फोटो दाखवला तर तो देत नाही, त्यावरून माझं एकदा भांडण झालंय आणि चूक माझीच होती.

तुझा,
पक्या