न्यूट्रल तुटल्यावर स्पाइक गार्ड काय करणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लॅपटॉपच्या निगेविषयीचा लेख मन लावून वाचला. ‘चांगला स्पाइक गार्ड लावावा आणि निर्धास्त राहावे’ या त्यातील वाक्याने मात्र गेल्या मे महिन्यातील एक संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. वळवाच्या पावसात आमच्या आळीतील आंब्याची फांदी तारांवर पडली आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) तुटला. वीज गेली असती तर बरे झाले असते. ती गेली नाही, उलट दिवे असे लखलखले की सौभाग्यवतींनी कौतुकाने वर पाहिले. पुढच्या मिनिटभरात मुलीच्या लॅपटॉपचा अडॅप्टर, राउटर आणि फ्रिज यांनी माना टाकल्या. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, तेव्हा २३० च्या जागी ३४० व्होल्ट येत होते. स्पाइक गार्डचा तांबडा दिवा तेवढा इमानेइतबारे जळत होता.

यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. जवळपास वीज कोसळल्यावर किंवा मोठी मोटर बंद होताना निमिषमात्र येणारा झटका गिळणे, एवढेच त्याचे काम. न्यूट्रल तुटला की दोन फेजमधला, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारांमधला, चारशे व्होल्टच्या आसपासचा दाब घराघरांतील भाराप्रमाणे विभागला जातो, आणि कोणी येऊन पुरवठा तोडेपर्यंत तसाच राहतो. एमसीबी, म्हणजे घरातील आपोआप पडणारी कळ, हीही अशा वेळी पडेलच असे नाही, कारण तिला जादा प्रवाह कळतो, जादा दाब कळत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण आम्ही आता मीटरजवळ बसवून घेतले आहे; ते फ्रिजच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडले. पाऊण पान हाती असताना आपल्या तज्ज्ञांना त्यासाठी एक ओळ सापडू नये, याचे आश्चर्य वाटते.

आणखी एक. ‘दर आठवड्याला बॅटरी शून्यावर आणावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला वरचेवर शून्य गाठणेही बाधते आणि उन्हाळ्यात दिवसभर शंभर टक्क्यांवर तापत राहणेही. म्हणूनच चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये दिलेली असते. उष्णतेबद्दल लेखात एक वाक्य आहे खरे, पण त्याच्याच शेजारच्या छायाचित्रातील लॅपटॉप, हवा बाहेर पडण्याच्या जाळ्या बुजवून, कापसाच्या गादीवर विसावला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सावंतवाडी