रशियन विशेषणांसाठी मराठीचाच आधार घ्यावा

महोदय,

मराठी विद्यार्थ्यांना रशियन शिकवताना विशेषणांचा पाठ आजही बहुधा इंग्रजीच्या आधारे समजावला जातो, हे मला मनापासून खटकते. इंग्रजीत विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे रशियनमधील बदल विद्यार्थ्याला उगीचच अवघड वाटतात. मराठीत मात्र नवा, नवी, नवे ही तीन रूपे आपण लहानपणापासून बोलतो. रशियनमध्येही दोम (घर) पुल्लिंगी म्हणून ‘नोवीय दोम’, क्निगा (पुस्तक) स्त्रीलिंगी म्हणून ‘नोवाया क्निगा’ आणि ओक्नो (खिडकी) नपुंसकलिंगी म्हणून ‘नोवये ओक्नो’ होते.

या तिन्ही नामांचे मराठीतले लिंग वेगळे आहे, आणि चूक होते ती नेमकी इथेच. ‘नवे घर’ मनात ठेवून विद्यार्थी ‘नोवये दोम’ म्हणून जातो. तेव्हा विशेषण बदलण्याची सवय मराठीतून घ्यावी, पण लिंग रशियन नामाच्या अंत्य ध्वनीवरून ठरवावे: बहुतेक वेळा शेवटी कठोर (रशियन अर्थाने, म्हणजे पुढे मृदुचिन्ह ‘ь’ नसलेले) व्यंजन असल्यास पुल्लिंग, ‘आ’ असल्यास स्त्रीलिंग आणि ‘ओ’ असल्यास नपुंसकलिंग. अनेकवचनात तर रशियनच सोपी, कारण तिथे तिन्ही लिंगांना ‘नोवीये’ हे एकच रूप चालते.

साध्या वाक्यात वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही. ‘दोम नोवीय’ एवढ्यानेच ‘घर नवे आहे’ असा अर्थ पूर्ण होतो आणि ‘नोवीय दोम’ म्हणजे ‘नवे घर’. हा फरक वाक्ये मोठ्याने म्हणवून घेतली की लवकर मुरतो. काही विशेषणांना फक्त विधेयात येणारे लघुरूपही असते: ‘ओन बोलेन’ म्हणजे तो सध्या आजारी आहे, तर ‘ओन बल्नोय’ यातून तो कायमचा आजारी असल्याचे सूचित होऊ शकते. असा बारकावा पहिल्या धड्यांतच कानावर पडायला हवा, असे माझे मत आहे.

खरे कष्ट विभक्तीत आहेत. मराठीत ‘नव्या घरात’ आणि ‘नव्या वहीत’ या दोन्हींत ‘नव्या’ तसेच राहते; रशियनमध्ये मात्र ‘व नोवम दोमे’ (नव्या घरात) आणि ‘व नोवय क्निगे’ (नव्या पुस्तकात) अशी लिंगानुसार निराळी रूपे होतात. म्हणून पाठ्यपुस्तककारांना माझी विनंती आहे की, विशेषणांच्या तक्त्यात रशियन रूपाशेजारी मराठी रूप छापावे आणि विभक्तीच्या सरावाला सर्वाधिक पाने द्यावीत.

आपला विश्वासू,
रशियन भाषेचा एक शिक्षक