दादाने विचारलं, किती मिळाले?

पूल, डॉर्सेट
22 फेब्रुवारी 2025

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवाच तर फोन झाला, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. दादाने फोनवर विचारलं होतं, "पुस्तकाचे किती मिळाले?" त्याने सरळ मनाने विचारलं. मी मात्र "हिशोब मार्चनंतर" म्हणून विषय बदलला आणि फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. हे उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. वहिनीला मोठ्याने वाचायला सांग, तू डोळ्यांना ताण देऊ नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय. आणि दादाला समोर बसव.

आज 22 फेब्रुवारी. शाळेत आपण हा चिंतन दिवस म्हणून पाळायचो, आठवतं? स्काउट-गाइडचे जनक बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी, दोघांचाही वाढदिवस आजच्या तारखेचा. तू आदल्या रात्री माझा गाइडचा गणवेश पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचीस आणि स्कार्फची घडी उशीखाली ठेवायला सांगायचीस. मी आता जिथे राहते तिथून हे सगळं जिथे सुरू झालं ते बेट दिसतं. पूलचं बंदर म्हणजे एक मोठी उथळ खाडी आहे, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात पक्षी चोची खुपसत हिंडतात. त्या खाडीतलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे ब्राउनसी. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल वीसेक मुलांना घेऊन तिथे आठवडाभर राहिले. काही मुलं बड्या घरची, महागड्या शाळांतली, आणि काही याच पूल-बोर्नमथमधल्या कामकरी घरांतली. लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे अशा चार तुकड्या केल्या. सकाळी आफ्रिकेतल्या कुडू हरणाचं शिंग फुंकून सगळ्यांना उठवायचे.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी होडीने तिथे गेले होते. पाइनची झाडं, आणि त्यांवर लाल खारी. इंग्लंडात इतरत्र त्या जवळजवळ संपल्या, या बेटावर टिकून आहेत. महाबळेश्वरच्या शेकरूपुढे अगदी चिमुकल्या. मी त्या जागी उभी राहिले आणि मला पांडवगडाच्या पायथ्याचा आमचा कॅम्प आठवला. क्लोव्ह हिचची गाठ नीट न बसल्यामुळे रात्री तंबू अंगावर आला होता, आणि गाइडच्या बाईंनी कंदील धरून आमच्याकडूनच तो पुन्हा बांधून घेतला होता. मी तिथल्या बाकावर बसून रडले, आई. तेव्हा तुला सांगितलं नव्हतं.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. दादा, तुला स्काउट-गाइडचा 'खरी कमाई'चा आठवडा आठवत असेल. तू स्टँडवर सायकली पुसायचास आणि संध्याकाळी माझ्यापेक्षा तुझे पैसे जास्त म्हणून मला चिडवायचास. मी 1984 सालातलं बोलतेय, मी बारा वर्षांची होते. दारोदार जायचं, "काही काम असेल तर द्या, मदत म्हणून नको, कामाचे पैसे द्या" असं म्हणायचं. काम झालं की घरमालक कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही करणार. चार आणे, आठ आणे. कुणी धान्य निवडायला द्यायचं, कुणी अंगण सारवायला.

आपल्या वाईच्या गणपती घाटाच्या वरच्या अंगाला एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी मला कंदिलाच्या तीन काचा पुसायला दिल्या. तेव्हा दिवे सारखे जायचे, कंदील रोज लागायचा. मी राखेने दोन काचा लख्ख केल्या, आणि तिसरी, मोठ्या कंदिलाची, हातातून निसटून फरशीवर पडली. मी दगडासारखी उभी. आजींनी मला हात लावू दिला नाही. स्वतः वाकून काचा गोळा केल्या, फडक्याने फरशी टिपली, माझे तळवे उलटसुलट करून पाहिले. मग कार्ड मागितलं आणि मोडीच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं, "कंदिलाच्या काचा पुसल्या. काम चोख. रु. 1." आणि खरंच एक रुपया हातावर ठेवला. त्या काचेची किंमत तेव्हा त्याहून जास्त असणार.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, रुपया परत देऊन ये, तो कमाईचा नाही. मी गेले. आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "काच माझी, रुपया माझा, अक्षर माझं. तू कोण परत करणारी?" मी तशीच परत आले. बाई बराच वेळ माझं कार्ड हातात धरून बसल्या. शेवटी त्यांनी बेरीज केली, 4 रुपये 75 पैसे. तिच्याखाली रेघ मारली, आणि रेघेखाली लिहिलं, "आणि 1 रुपया."

तो "आणि" मी चाळीस वर्षं बरोबर घेऊन हिंडतेय.

आपल्या शाळेत दिवसाची सुरुवात आणि शेवट कसा व्हायचा ते बघ. स्काउट-गाइडच्या प्रार्थनेचा पहिला शब्दच 'दया'. आणि शाळा सुटताना पसायदान. पसाय म्हणजे प्रसाद, कृपा, हे मला फार उशिरा कळलं. इतकी वर्षं मी ते घंटेची वाट बघत म्हणून टाकायची. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नऊ हजारांच्या आसपास ओव्या पूर्ण केल्या, आणि शेवटी काय मागितलं? एवढं काम केल्यावर मजुरी मागायचा त्यांचा हक्क होता. त्यांनी पसाय मागितला, आणि तोही स्वतःसाठी नाही. कादंबरी लिहून संपवल्यावर मी ते पुन्हा म्हटलं तेव्हा माझा आवाज फुटेना.

कादंबरीला मला नऊ वर्षं लागली. केअर होममधली रात्रपाळी, आठ ते आठ. दोन वाजता सगळे झोपले की अडीचपर्यंतचा वेळ माझा. घाटावर नारळ-फुलं विकणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट मी इंग्लंडातल्या एका जेवणघरात फ्रिजच्या घरघरीत लिहिली. तिथे एक बाई होत्या, वय एक्याण्णव. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. पहिल्या रात्री त्यांनी डावा हात पुढे केला आणि मी काही विचार न करता डावाच हात दिला, गाइडमध्ये शिकवतात तसा, करंगळी त्यांच्या करंगळीत अडकवून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! त्या तरुणपणी कितीतरी वर्षं छोट्या मुलींच्या तुकडीच्या प्रमुख होत्या. कुठे शिकलीस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाईला, कृष्णाकाठी. मग आमचं जमलं.

मी काय लिहिते ते त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मराठीतून. त्यांना एक शब्द कळत नव्हता. डोळे मिटून ऐकायच्या, बहुतेक वेळा झोपी जायच्या. पण एका जागी त्या दर वेळी डोळे उघडायच्या, धाकटी बहीण पाण्यात उतरते तिथे. मी तीनदा तो भाग वेगवेगळ्या दिवशी वाचला, तिन्ही वेळा तेच झालं. मग माझ्या लक्षात आलं की तिथे माझी वाक्यं आपोआप लहान झाली होती, आणि बाकी पुस्तकभर मी उगाच लांबण लावत होते. पुढचे सात महिने मी फक्त काटछाट केली. या कामाचा मोबदला त्यांना कुणी दिला? त्या गेल्या नोव्हेंबरात गेल्या. पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

छापण्याचं तर तुम्हाला थोडंफार माहीत आहे. एका प्रकाशकाने हस्तलिखित चौदा महिने ठेवून घेतलं आणि मग कळवलं की कादंबऱ्या खपत नाहीत. दुसऱ्याने छपाईचा खर्च तुम्ही करा म्हणून सांगितलं. दादा, तू तेव्हा पैसे द्यायला तयार झालास आणि मी तुझ्यावर ओरडले. त्याची माफी आज मागते. तू प्रेमाने म्हणत होतास, मला वाटलं तू मला चारचौघींत उभं राहण्यासाठी भाडं भरून देतोयस. मी कारण सांगायला हवं होतं, फोन आपटायला नको होता.

मग तिसरीकडे पाठवलं, तिथूनही नकार यायचाच होता. तसं पत्रदेखील तयार होतं. पण तिथे मुद्रितं तपासायला येणारे एक वयस्कर गृहस्थ साताऱ्याला निघाले होते. एसटीत वाचायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी परत पाठवायच्या गठ्ठ्यातलं वरचं बाड उचललं. ते माझं होतं. खंबाटकी उतरेपर्यंत पहिली चाळीस पानं वाचून त्यांना कंटाळा आला होता, हे त्यांनीच मला लिहिलं. एक्केचाळिसाव्या पानापासून त्यांनी खाली ठेवलं नाही. साताऱ्याहून परत आल्यावर चार पानी पत्र, आणि हस्तलिखितावर पेन्सिलीने इतक्या बारीक खुणा की माझं मलाच नव्याने वाचता आलं. पहिली चाळीस पानं काढा, एवढी एकच अट. आई, त्या चाळीस पानांत तुझं लग्न होतं. वाड्याच्या चौकातला मांडव, तुझा हिरवा शालू, आजोबांचा रुसवा, सगळं तू सांगितलेलं. मी ती पानं काढली. ती गोष्टीच्या दारातच अडून बसली होती, हे मला मनातून ठाऊक होतं. ती वेगळी जपून ठेवली आहेत, तुझ्यासाठी नीट उतरवून पाठवीन.

मी पुष्कळदा विचार केला, वरचं बाड दुसऱ्या कुणाचं असतं तर? त्या गठ्ठ्यात माझ्याइतकीच रात्र जाळलेली माणसं असणार. म्हणून हे मी मिळवलं असं म्हणायला जीभ वळत नाही. पण बाड तिथे नसतं तर उचललं कोणी असतं? आजींच्या दारात मी काम मागायला गेले होते म्हणून तर काच फुटली आणि रुपया मिळाला.

यावरून एक गोष्ट सांगते. 1909 साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली आपणहून गणवेश करून आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आम्हीही स्काउट आहोत म्हणून उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी गाइड सुरू झालं. त्या पोरी त्या दिवशी घरी बसल्या असत्या तर पांडवगडाच्या पायथ्याशी माझा तंबू पडला नसता. आणि बेडन पॉवेल यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे मूळ पुस्तकसुद्धा 1908 च्या जानेवारीपासून पंधरवड्याला एक असं सहा भागांत निघालं, चार पेन्सला एक भाग. आधीपासून असलेल्या मुलांच्या संघटनांना उपयोगी पडावं एवढाच त्यांचा हेतू होता. मुलांनी ते भाग वाचून आपापल्या गल्लीत स्वतःच तुकड्या काढल्या. लिहिणाऱ्याने मागितलं त्याच्या कितीतरी पट वाचणाऱ्यांनी दिलं. माझ्या पुस्तकाचं असं काही होईल असं मी म्हणत नाही, पण ही गोष्ट मला फार धीर देते.

तर दादा, हिशोब. आवृत्ती हजार प्रतींची, किंमत 350 रुपये, करारात दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती विकल्या तर 35,000 रुपये, तेही विकल्या जातील तसतसे. ही माझी खरी कमाई, आणि तिचा मला अभिमान आहे. नऊ वर्षांनी भागायला जाऊ नकोस. बेरजेखाली रेघ मार आणि तिच्याखाली हे लिही: आणि एका बाईंचा डावा हात, आणि एसटीतली चाळीस पानं, आणि एक रुपया.

आई, आता कामाचं. इकडे पाठवायला टपालखर्च फार येतो, म्हणून लेखकाच्या दहा प्रती पुण्याहून वाईच्याच पत्त्यावर निघाल्या आहेत. पुढच्या आठवड्यात येतील. एक देवापुढे ठेव. एक आपल्या गाइडच्या बाईंना दादाने स्वतः नेऊन द्यावी, त्या आता मुलीकडे पाचवडला असतात, वहिनीला घर माहीत आहे. घाटावरच्या आजी जाऊन तर तीस वर्षं झाली, पण त्यांची नातसून अजून त्याच घरात राहते. तिला एक प्रत दे आणि पहिलं पान उघडून दाखव. अर्पणपत्रिकेत नाव नाही, मला त्यांचं नाव कधी माहीतच नव्हतं, आम्ही नुसतं आजी म्हणायचो. तिथे फक्त "तिसऱ्या काचेसाठी" एवढंच छापलंय. तिला कळणार नाही, तर तू सांग. आणि त्यांचं नाव काय होतं ते विचारून मला कळव. दुसरी आवृत्ती निघाली तर घालता येईल.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी