‘मावशींकडे फोन द्या’ म्हणालात त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून पत्र बिननावाचं. पण आमच्या ग्रंथालयाचा बिघडलेला स्कॅनर तुम्ही फोनवरून ताळ्यावर आणलात, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिवाय तुमच्याआधी येऊन गेलेल्या हुशार मंडळींच्याही नजरेस हे पडलं तर बरंच.

आमचं ‘क’ वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय. अनुदान कधी येईल ते देव जाणे. देणगीत मिळालेला लॅपटॉप, त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) आणि कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर), आणि देवघेवीच्या टेबलावर एक बारकोड स्कॅनर. ऐन पावसाळ्यात या स्कॅनरने छळ मांडला. पुस्तकावर धरला की लाल रेघ पडायची, बीप वाजायचा आणि पडद्यावर यायचं, असं पुस्तकच नाही! ००४८१२ ऐवजी नुसतंच ८१२ उमटलेलं. पुन्हा धरला की बिनबोभाट चालायचा.

एकाने केबल बदलायला लावली. दुसऱ्याने नवा स्कॅनर गळ्यात मारला, तोही आकडे गिळायला लागला. तिसऱ्याने “लिनक्स टाकलंत ना, मग भोगा” म्हणत विंडोजचं कोटेशन पुढे सरकवलं. आणि जाता जाता, चार सभासदांदेखत, “बाईंना नीट धरता येत नाही” असंही म्हणाला. देवघेवीला बसणाऱ्या आमच्या मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कॅनर बाजूला ठेवला आणि एका बोटाने दाखल क्रमांक टाइप करायला लागल्या. ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

तुम्ही फोनवर माझं सगळं पुराण ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “देवघेवीला कोण बसतं? त्यांच्याकडे फोन द्या ना.”

एवढ्या महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. मावशींनी आधी हात पदराला पुसले, मग फोन घेतला. “मावशी, हा नेमका कधी चुकतो?” तुम्ही विचारलंत. त्या म्हणाल्या, “गर्दीत न्हाई चुकत. मी च्या पिऊन आले की पयलं पुस्तक खातो, मग सरळ चालतो.” तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, “मावशी, रोग तर तुम्हीच ओळखलात. आता औषधाचं तेवढं मी बघतो.” फोन स्पीकरवर होता. वाचनकक्षातल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

पुढचं मला कळलं ते असं. काम नसलेल्या यूएसबी उपकरणाला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, झोपवू शकतो, त्याची ठरलेली मुदत २ सेकंदांची. पण स्वतःहून तो मुख्यतः हबनाच, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या जोडण्यांनाच, झोपवतो. कीबोर्ड, माउस, स्कॅनर यांच्या वाटेला सहसा जात नाही, कारण जागं होताना पहिली अक्षरं गिळणारी उपकरणं बाजारात पुष्कळ. आमच्याकडे मात्र कुणा शहाण्याने लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर जास्त वेळ टिकावा म्हणून पॉवरटॉप हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम बसवला होता. लॅपटॉप सुरू झाला की तो सरसकट सगळ्यांना ‘ऑटो’वर टाकायचा, म्हणजे काम नसलं की झोप. मावशी चहाला गेल्या की स्कॅनरही झोपायचा आणि जागा होताना पहिले आकडे गिळायचा. बीप तर स्कॅनरचा स्वतःचा, बारकोड वाचला गेल्याचा. लॅपटॉपपर्यंत सगळे आकडे पोचले की नाही, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नाही. म्हणून तर सगळे फसले.

आणि वाचवलं काय? यूएसबी २ च्या पोर्टमधून स्कॅनर ५ व्होल्टला फार तर ५०० मिलिअँपिअर घेणार, म्हणजे अडीच वॅट. डोक्यावरचा जुना पंखा ७०-७५ वॅट ओढतोय, त्याला झोपवायचं कुणाच्या मनात आलं नाही!

कर्नलला मुदत म्हणून उणे १ सांगून अख्ख्या यंत्राचीच ही झोप मोडता आली असती, पण तुम्ही म्हणालात, एकासाठी सगळ्यांना कशाला जागं ठेवायचं. पॉवरटॉपची रोजची आज्ञा काढलीत, दोन्ही स्कॅनरना ‘ऑन’वर, म्हणजे कायम जागं, ठेवलंत आणि मावशींना सांगितलंत, “आता चहा घेऊन या.” त्या खरंच गेल्या. चांगल्या निवांत पिऊन आल्या. पहिलंच पुस्तक धरलं, सहाच्या सहा आकडे हजर. मावशींनी माझ्याकडे नाही, त्या फोनकडे बघून मान डोलावली.

हुशारीचा तुटवडा आपल्याकडे नाही हो. पण रोज जो ते काम करतो त्याला आधी विचारावं, आणि त्याचं बरोबर निघालं तर ते चारचौघांत कबूल करावं, ही रीत फार थोड्यांकडे उरली आहे. ती कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

मानधनाचं विचारलं तर तुम्ही विषय बदललात. म्हणून कार्यकारिणीत तुम्हाला आजीव सभासद करून घेण्याचा ठराव मांडला, एकमताने मंजूर झाला. आता नाही म्हणायचं नाही. अनामत माफ आहे. दंड माफ नाही, तो मावशींच्या हातात आहे आणि त्या अध्यक्षांनाही सोडत नाहीत.

आपला,
ग्रंथपाल