मक्यात उडीद घ्या, पण तणनाशक बघून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की ‘मक्यात उडीद घ्या’ हा सल्ला चहूकडून मिळतो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. मका पेरला की ॲट्राझीन हे तणनाशक मारायचे, ही आता सवयच झाली आहे. त्याने मका वाचतो, उडीद मात्र उगवून पिवळा पडतो आणि जळतो. मग दोष बियाण्याला! आंतरपीक असेल तर त्याऐवजी पेंडिमिथॅलिन ३० टक्के हे तणनाशक एकरी १ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत ओलीवर फवारा. नाहीतर विसाव्या दिवशी कोळपणी आणि महिन्याने खुरपणी.

अंतराचेही तसेच. ६० सेंमीवरच्या मक्यात उडीद कोंडतो. मक्याच्या दोन ओळी ४५ सेंमीवर, मग १०५ सेंमीचा पट्टा मोकळा, अशी जोडओळ धरा. ओळीत मक्याची टोकण (एकेक बी टोचणे) २० सेंमीवर. एकरी झाडे ७५ बाय २० सेंमीच्या सरसकट पेरणीइतकीच, म्हणजे २७ हजारांच्या आसपास बसतात. पट्ट्यात ३० सेंमीवर उडदाच्या दोन ओळी. बी एकरी ३ किलो पुरते. किलोला २५ ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी धरून नत्र देणारे जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. दोन्ही बियाणी एकाच वापशावर (पेरणीजोग्या ओलीवर) पडली पाहिजेत. उडीद दहा दिवस मागे राहिला तर सावलीत नुसता उंच वाढतो, शेंगा धरत नाही.

उडीद नत्र देतो म्हणून मक्याचा युरिया कापू नका. ते नत्र बहुतेक उडदाच्याच दाण्यात जाते. उरलेले पाला-मुळे कुजल्यावर रब्बीला मिळते. युरिया मक्याच्या ओळीलगत मातीआड द्या. फेकून दिला तर उडीद माजतो आणि गाठी कमी धरतो.

वेलाची चवळी मक्यावर चढते, वाऱ्यात दोन्ही आडवी होतात. मूग चालतो, पण दोन-तीन तोडण्या लागतात आणि मक्याच्या पात्यांनी हात चिरतात, त्यामुळे मजूर नाखूश. टीएयू-१ या वाणासारखा ७०-७५ दिवसांचा उडीद एकदाच कापून मोकळे होता येते. मक्यावरच्या लष्करी अळीची फवारणी पोंग्यातच (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच) करा. शेंगा भरल्यावर औषध उडदावर उडू देऊ नका.

मुरमाड, उथळ रानात मात्र हा खटाटोप नकोच. मक्याचा तुरा आणि उडदाच्या शेंगा एकाच सुमारास ओल मागतात. ऑगस्टात उघडीप पडली की दोन्ही हातची जातात.

आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या सरकारी पीकनोंदीत) मिश्र पीक म्हणून दोन्हींची नोंद करा. सातबाऱ्यावर नुसता मका असेल तर हमीभाव केंद्रावर उडीद घेत नाहीत.

– कोरडवाहू मका उत्पादक, कन्नड (जि. छत्रपती संभाजीनगर)