सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय

2 जून 2025

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय आणि सोमवारी बाबांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीय. न विचारता घेतली, रागावू नका. मंगळवारी वटपौर्णिमा, आईचा उपास, म्हणून सोमवार. मुलांच्या शाळा 16 तारखेला उघडताहेत, तेव्हा इथे कुणाचं काही अडत नाही. सरकारी दवाखान्यातही दाखवता आलं असतं, पण तिथल्या रांगेत बाबांचे गुडघे दुखतील.

बाबा, टीव्हीवर कोरोना पुन्हा आल्याच्या पट्ट्या सुरू झाल्यापासून तुम्ही फोनवर तीनदा म्हणालात, "मी गेलो तर तुमचंच ओझं हलकं होईल." वयाचं बोलणं म्हणून हे सोडून देणं मला जमणार नाही. 2003 मध्ये हाँगकाँगला सार्सची, म्हणजे कोरोनासारख्याच श्वसनाच्या रोगाची साथ आली, त्या वर्षी तिथे 65च्या पुढच्या लोकांच्या आत्महत्या वाढल्या. मागाहून शोध घेतला तेव्हा रोगाची धास्ती, तुटलेल्या भेटीगाठी आणि "घरच्यांना माझा भार" हेच पुढे आलं. साथीत माणूस घरात कोंडला जातो आणि त्याच्या मनातलं वाक्य खोडून काढायला समोर कुणी उरत नाही.

उदासीत मन ठरावीक चुका करतं. दादाने तुमच्यासाठी एक रजा टाकली की "मी ओझं" हा निकाल लागतो. नातवंडांची गणितं, बागेचं पाणी, आईचं इन्सुलिन, हे हिशेबात येतच नाही. आणि "आता पुढे काही बदलणार नाही" असं जे वाटतं, त्याला जास्त जपायला हवं. आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांच्या संशोधनात नुसत्या उदासीपेक्षा ही हताशाच आत्महत्येच्या विचाराशी जास्त जोडलेली दिसली. हताशा उपचाराने कमी होते, बाबा. खरंच होते.

अण्णाकाकांचं मला माहीत आहे. बँकेत तुम्ही गेला होतात, म्हणून कोरोना घरात तुम्हीच आणला आणि ते तुमच्यामुळे गेले, असं तुम्ही धरून बसलायत. शनिवारी आपण कागदावर भाकरीसारखा एक गोल काढू. अण्णाकाका गेले त्याला काय काय कारण झालं ते आधी शेजारी लिहायचं: एप्रिल 2021मधला कोरोनाचा डेल्टा प्रकार, त्यांची जुनी साखर, तीन दिवस अंगावर काढलेला ताप, न मिळालेला ऑक्सिजनचा बेड, लग्नघरातली गर्दी. एकेकाला भाकरीचा तुकडा द्यायचा आणि तुमचं नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडायचा नाही. स्वतःला आधी वाढून घेतलं की अर्धी भाकरी तिथेच संपते, आणि गेली चार वर्षं तुम्ही तेच करताय. उरेल तेवढाच तुकडा तुमचा. तो अगदीच नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते पटायचं नाही.

आई, आता तुझ्यासाठी. बाबा तसं बोलले की "अभद्र बोलू नका" म्हणू नकोस; त्याने बोलणं थांबतं, विचार थांबत नाही. तू त्यांना सरळच विचार, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नकोस, दादाला हाक मार, मला कितीही वाजता फोन कर. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या नंबरवर चोवीस तास मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. कालनिर्णयच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेव.

औषधांच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच बाहेर, बाकी कपाटात, किल्ली तुझ्याकडे. शेतातली फवारणीची औषधं दादाने आजच घरातून हलवायची. बाबा, हा अविश्वास नाही. असे विचार लाटेसारखे येतात आणि ओसरतात. तेवढा वेळ घर निर्धोक असावं, एवढंच.

बातम्या सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा, झोपताना बंद. आणि आई, त्यांना "बरं वाटतंय का?" विचारण्यापेक्षा "आज आंब्याखाली कोण बसलं होतं?" असं विचार. उदासीत "सगळं आयुष्य असंच गेलं" अशी एकच गोळाबेरीज राहते, एकेक दिवस वेगळा आठवावा लागतो. बाबा मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचे आणि माझी चप्पल वाहून गेली होती, ती कुठल्या रंगाची होती, विचार त्यांना.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं म्हणूनही नाहीत. सुरुवातीला बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना फोन. मी आहे तोवर मीच देईन. चहा सहालाच होईल, बंबही पेटेल, बाबांची खुर्ची ओसरीवरून हलणार नाही.

गाडी शनिवारी पहाटे पाचला पोचते. बाबा, टॉर्च घेऊन स्टँडवर तुम्हीच या, दादाला पाठवू नका. सामान जड आहे, पण ते मी उचलेन.

तुमची,
बेबी