शनिवारी येण्याआधी

ती. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी निघताना तीनदा सांगायला आले आणि तीनदा परत फिरले. बाबा पडवीत पेपर वाचत होते, आई, तू डब्यात आंबोळ्या भरत होतीस. वाटलं, आत्ता बोलले तर हा डबा तसाच राहील. फोनवर सांगायचं तर तू गप्प होतेस आणि बाबा "घे, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याच हातात देतात. म्हणून लिहितेय.

मी नोकरीचा राजीनामा दिलाय. १ ऑगस्टला पुण्याला, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी रुजू होतेय. रसायनशास्त्रातच. निदान पाच वर्षं तरी लागतील.

बाबा, सकाळची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, मग पुढचं वाचा.

मे महिन्यात "कंपनीचं ट्रेनिंग आहे" म्हणून दोन दिवस गेले होते, ती तिथली मुलाखत होती. बाबांना स्टेंट घालून घरी आणल्याला महिनाही झाला नव्हता. खोटं बोलले, आणि ते तेव्हापासून मनात टोचतंय. नेटचा निकाल लागला तेव्हा पेढे आणले, पण "एक परीक्षा पास झाले" एवढंच म्हटलं. तू देवासमोर पेढा ठेवलास आणि विचारलं नाहीस कसली परीक्षा. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, आई. बारावीच्या त्या पावसाळ्यासारखं मी पुन्हा करणार नव्हते. ह्या वेळी सांगून जातेय, उशिरा का होईना.

आधी पैशाचं सांगते, कारण बाबांच्या मनात पहिलं तेच येणार आणि ते विचारणार नाहीत. ही फुकटची शाळा नाही. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळालेल्याला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पुढे काम बघून ४२,०००. कंपनीत मला हातात ३४,००० येतात, आणि त्यातून खोलीचं भाडं जातं. तिकडे वसतिगृहाला अर्ज केलाय, मेस आहे. घरी येणारे ८,००० दर महिन्याच्या पाच तारखेला येतच राहतील, त्यात खंड पडणार नाही. बाबांच्या पेन्शनला हात लावायचा नाही, ती औषधांची. संस्था १९५० सालची आहे, म्हणजे तुमच्याहूनही वयाने मोठी. दोन दिवसांत गाशा गुंडाळणारी नाही.

आता नोकरी का सोडली ते. सहा वर्षं मी औषधं तपासायचं एकच काम केलं. गोळी विरघळवायची, मशिनमध्ये टाकायची, कागदावर डोंगर उमटतात ते बघायचे आणि पास की नापास लिहायचं. गेल्या पावसाळ्यात एका डोंगराच्या बाजूला एक बारकंसं टेकाड दिसायला लागलं. आधी कधी नव्हतं. मर्यादेच्या आतलं होतं, म्हणजे औषध चांगलंच होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मला कळेना ते आहे काय. कुठून आलं? दमट हवेने? की कच्च्या मालातून? मी वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, मर्यादेत आहे ना, सही कर. मी सही केली. त्या रात्री खोलीवर येऊन जेवले नाही. बरोबर राहणारी विचारत होती, बरं नाही का. मला बरंच होतं, आई. मला ते टेकाड कसलं ते हवं होतं, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

मग मुलाखतीत विचारलं, कशावर काम करायला आवडेल. माझ्या तोंडातून निघालं, काजूच्या टरफलावर.

आई, तुझी बोटं. मार्च लागला की ओले काजूगर काढायला बसायचीस, कोयतीने बी दुभंगायचीस, आणि आठ दिवसांत अंगठ्याची नि पहिल्या बोटाची कातडी काळी पडून सोलून निघायची. तरी उसळ पहिल्यांदा माझ्या ताटात. मी रडायला लागले की म्हणायचीस, "माका काय जाता गो." टरफलातलं ते जे भाजतं, त्यात मुख्य असतं अ‍ॅनाकार्डिक आम्ल. त्याचा अर्धा भाग पाण्याशी नातं सांगतो आणि अर्धा तेलाशी. पंधरा कार्बनची लांब शेपटी असते, ती कातडीतल्या तेलकटपणात शिरते. म्हणून नुसत्या पाण्याने ते धुतलं जात नाही, आणि म्हणूनच तू आधी हाताला खोबरेल चोपडायचीस ते अगदी बरोबर होतं. आजीने तुला शिकवलं ते मी एम.एस्सी. झाल्यावर समजून घेतलं. काजू, आंबा आणि बिबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं. बाबांच्या ओठाला दरवर्षी आंब्याचा चीक लागून फोड येतो, तोही ह्याच जातीचा प्रताप.

हेच टरफलाचं तेल तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. ते घट्ट राळेसारखं करता येतं, त्याचे रंग होतात, वार्निश होतं. उभादांड्याला होड्यांच्या तळाला काजूचं तेल लावायचे, ते लाकूड कुजू नये म्हणूनच. आणि बाबा, हे तुमच्यासाठी. गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्येही ह्या तेलापासून केलेली भुकटी घालतात, तापल्यावरसुद्धा पकड राहावी म्हणून. हे वाचलं त्या दिवशी मी वाचनालयात कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वस्तीची गाडी घेऊन तुम्ही आंबोली उतरायचात, मी इंजिनाजवळच्या सीटवर, खाली लायनरचा जळका वास, आणि तुम्ही समोर बघतच म्हणायचात, "घाट गिअरार उतरूचो, ब्रेकार नाय." आईची बोटं भाजणारं आणि तुमची गाडी धरून ठेवणारं एकाच टरफलातलं असू शकतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

नेमका विषय ठरायला अजून वर्ष जाईल, आधी अभ्यासक्रम आहे, त्याच्या परीक्षा आहेत. ह्याच पदवीत काही आठवडे गावात जाऊन लोकांच्या उपयोगाचं काम करायचं असतं. मी आपलाच तालुका मागणार आहे. देतील की नाही ते देवाक ठाऊक, पण मागणार.

एवढं लिहिलं आणि मगाशी वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, पण आई, तुझ्या बोटांसाठी मी जातेय असं म्हटलं तर ते अर्धंच खरं ठरेल. मला जायचंय. मला हवंय म्हणून जातेय. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कुडाळच्या स्थळाला मी स्वतः फोन करून सांगितलं, तुमच्यावर बोल येऊ दिला नाही. माणसं चांगली आहेत, नीट बोलली. लग्न करायचंच नाही असं मी म्हटलेलं नाही. आत्याच्या वेळचं मनात आणू नका, तेव्हाची गोष्ट वेगळी होती आणि तिला विचारणारंही कुणी नव्हतं. बाबा तर म्हणणारच, "आता खयची शाळा गो तुजी?" म्हणा. समोर म्हणा, मी ऐकून घेईन.

आतापर्यंत शनिवारी निघाले की जेवायला घरी असायचे. आता रात्रभराचा प्रवास, हे मला कळतंय. आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, महिन्यातून एकदा नक्की येईन. चवथीला तर येणारच, गणपतीवरची माटवी मी आणि दादा बांधू. बाबांनी शिडीला हातसुद्धा लावायचा नाही.

आता नीट ऐका. रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत, "आता बरां वाटता" म्हणून तर नाहीच. बाबांनी आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवल्यात, त्या मी रविवारी पाहिल्या. असं करू नका. अ‍ॅस्पिरिनला आपल्या आषाढातली ओली हवा सोसत नाही, ती फुटते आणि व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. डबी उघडून हुंगा, आई. तसा वास आला तर त्या टाकून दे आणि नव्या आणा. स्ट्रिप चुलीजवळच्या फळीवर नको, आतल्या कपाटात. गोळी घ्यायच्या वेळीच फोडायची. सुक्या सुंगटांची किसमूर पंधरा दिवसांतून एकदा, तीही मीठ न घालता. बाबा आईच्या नकळत खालच्या घरी जाऊन खातात हे मला माहीत आहे. सिलिंडर कुणीच उचलायचा नाही, गाडीवाल्याला आतपर्यंत आणून द्यायला सांगा. आई, तुझ्या गुडघ्यांचं तेल संपलं असेल, येताना आणते. आणि येत्या मार्चमध्ये मोजे घातल्याशिवाय काजूला हात लावायचा नाही. मोज्यांतून बी नीट धरता येत नाही म्हणशील, म्हणून पातळ रबरी आणलेत, लॅबमध्ये आम्ही वापरतो तसे.

मी शनिवारी म्हापशाच्या गाडीने येतेय. बाबा, स्टँडवर येऊ नका, पाऊस असला तर अजिबातच नको. रागावला असाल तर रागावलेले भेटा, पण घरीच थांबा. आई, रात्री पेज कर, दुसरं काही नको. आणि मागच्या पडवीत वाळलेली टरफलं आहेत ना, त्यातली पायलीभर गोणपाटात भरून ठेव. पुण्याला न्यायचीत. तोंड मात्र बाबांना बांधू दे, त्यांची गाठ प्रवासात सुटत नाही.

तुमची,
बाय